फुलबॅकच्या मागं

बुरैदा,
शुक्रवार, ८ फेब्रुवारी २००८

प्रिय उमाकांत,

संक्रांतीला मी फोन केला तेव्हा आपण नेहमीसारखंच बोललो. तू विचारलंस, तिकडं थंडी हाय का. मी म्हणालो, हाय. मी विचारलं, माग चालू आहेत का. तू म्हणालास, लाइट असली की चालू. मग अहिल्यावहिनींनी फोन घेतला, नंदाची आणि पोरींची चौकशी केली, गोड बोला म्हणाल्या, आणि माझं कार्ड संपलं. फोन ठेवला आणि वाटलं, हेच का आपण दोघं? तालमीच्या कट्ट्यावर बसलो की उठायचं नाव नसायचं. शेवटी तुळसामावशी पदर खोचून गल्लीच्या तोंडाशी यायच्या आणि ओरडायच्या, "आता काय तिथंच गाद्या टाकू का रं तुम्हाला?" आई म्हणून त्या तुझ्या, पण शिव्या दोघांना सारख्याच वाटायच्या.

पत्र लिहायची सवय मोडलीय. पोरींना मी फोनवरच रागावतो, नंदाला फोनवरच समजावतो. पण हे फोनवर जमायचं नाही म्हणून कागद घेतलाय. आज दुकान बंद. माझा जोडीदार रहमतुल्ला नमाजाला गेलाय. हा पेशावरकडचा पठाण. मी सीट कव्हरं शिवतो, तो फोम कापतो. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत राहतोय आणि अजून तो माझ्या आमटीला 'मिरची का पानी' म्हणतो. बाहेर कडक थंडी आहे. सौदीत थंडी म्हटलं की आपल्याकडं लोक हसतात, पण बुरैदाला सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. गाव तसं शेतीचं. चहूबाजूंनी वाळू, मध्ये खजुराच्या बागा आणि गव्हाची गोल गोल शेतं. भादव्याच्या सुमाराला इथं खजुराचा बाजार भरतो, पिकअप गाड्यांची मैलभर रांग लागते, आणि त्याच गाड्यांच्या फाटक्या सीटा वर्षभर आमच्याकडं येतात. बापाची आरी आणि रापी पिशवीत घालून इथं आलो, चपला सोडून सीटा शिवायला लागलो, त्याला पंधरा वर्षं झाली.

तुला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. त्याचं नाव कीथ. रहमतुल्ला त्याला 'कैद साहब' म्हणतो, आणि तो बिचारा त्या नावालाही ओ देतो. ऑस्ट्रेलियाचा आहे. गावापासून वीसेक किलोमीटरवर एक मोठी शेती आहे, तिथं तो ट्रॅक्टर आणि कापणीच्या मशिनींचा मॅनेजर. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरची सीट घेऊन तो पहिल्यांदा आला. इतर गोरे साहेब ड्रायव्हरला पाठवतात, हा स्वतः सीट खांद्यावर टाकून आत आला. सव्वासहा फूट उंच, रापलेला, उजव्या पायावर जरासा लंगडत. मी माप घेत होतो आणि माझं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. एक बोट सरळ असेल तर शपथ. करंगळ्या तर बाहेरच्या बाजूला वळलेल्या. मी विचारलं, "मशीनमध्ये गेला का हात, साहेब?" तो म्हणाला, "नाही, फुटबॉल." मला हसू आलं. म्हटलं, फुटबॉल पायानं खेळतात. तोही हसला. म्हणाला, "आमच्याकडं नाही."

सीट न्यायला आला तेव्हा त्यानं पिशवीतून एक चेंडू काढून माझ्या पुढ्यात ठेवला. उम्या, तू बघायला हवा होतास. लाल कातड्याचा, दोन्हीकडं निमुळता, सोललेल्या नारळासारखा. वर बुटासारखी वादी ओवलेली. एका बाजूची शिवण दोन इंच उसवली होती. मी हातात घेतला आणि बोटं आपोआप टाक्यांवर फिरली. कितीतरी वर्षांनी खरं कातडं हातात आलं होतं, नाहीतर इथं सगळा रेक्झिनचा कारभार. वादी काढली, आतला ब्लॅडर काढला, चेंडू उलटा केला आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं बापाच्या पद्धतीनं दुहेरी टाका घातला. तो सगळा वेळ फोमच्या गठ्ठ्यावर बसून बघत होता. झाल्यावर त्यानं चेंडू कानाशी धरून दाबला, वास घेतला, आणि विचारलं, "तूही खेळायचास, नाही का?" कशावरून ओळखलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, खेळायचो. गोलकीपर होतो.

तेव्हापासून तो शुक्रवारी यायला लागला. शेतावर जेवायला गोऱ्यांची वेगळी मेस आहे, पण त्याला आमच्याकडचा काळा चहा आणि डाळ-रोटी आवडायची. बायको सोडून गेलेली, मूलबाळ नाही. माझं इंग्रजी कामापुरतं, त्याचं हिंदी 'अच्छा' आणि 'जल्दी'पुरतं, अरबी दोघांचंही 'यल्ला' आणि 'खलास'पुरतं. तरी आमचं अडलं नाही. काळ्या रेक्झिनच्या ताग्यावर तो माझ्या मार्किंगच्या खडूनं मैदान काढायचा. अंड्यासारखं गोल मैदान, आपल्या स्टेडियमपेक्षा मोठं. एका बाजूला अठरा माणसं. दोन्ही टोकांना चार चार खांब, ना वर आडवी दांडी ना जाळी. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण. आणि मुख्य गंमत अशी की लांबून लाथाडलेला चेंडू जो हवेत स्वच्छ झेलेल, त्याला थांबून निवांत मारायला मिळतं. म्हणून त्यांचे मोठे फॉरवर्ड दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन उडी घेतात आणि चेंडू झेलतात. कीथ फुलबॅक, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा, त्याचं काम त्या फॉरवर्डला झेलू न देण्याचं. स्वतः झेलता आला तर उत्तम, नाही तर मूठ आवळून चेंडूला ठोसा मारायचा. त्या ठोशाला त्यांच्यात बिघडवणं म्हणतात. "बारा वर्षं मी दुसऱ्याचं बिघडवायचा पगार खाल्ला," असं म्हणून तो ती वाकडी बोटं नाचवून दाखवायचा.

मी त्याला विचारलं, सगळं समजलं, पण यात गोलकीपर कुठं उभा राहतो? तो म्हणाला, "गोलकीपर नसतो." मी म्हटलं, "मग फुलबॅकच्या मागं कोण?" तो म्हणाला, "कोणी नाही. पब्लिक." रहमतुल्ला मोठ्यानं हसला. मी चहा ओतायला उठलो.

कीथचा बाप गव्हाचा शेतकरी. गावात एक धान्याचं कोठार, एक शाळा आणि एक मैदान, एवढंच. बापही गावच्या टीमचा फुलबॅक. कीथ अठरा वर्षांचा असताना मेलबर्नच्या एका क्लबानं त्याला निवडलं. नावं रेडिओवर सांगत होते. बाप ट्रॅक्टरवर लांब शेतात होता, म्हणून आई एप्रन तसाच ठेवून उभ्या पिकातून पळत गेली. बापानं ट्रॅक्टर बंद केला, ऐकलं, "बरं" म्हणाला, आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू केला. पण त्या दिवशीच्या नांगराच्या ओळी वाकड्या आल्या, हे सांगताना कीथच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याच्या पहिल्याच मॅचला समोर त्या काळचा सगळ्यात मोठा फॉरवर्ड होता. त्यानं कीथवर नऊ गोल केले. कोचनं रागावायच्या ऐवजी सांगितलं, पुढच्या शनिवारी पण तूच खेळणार आहेस. दोन महिन्यांनी पुन्हा तोच फॉरवर्ड समोर आला, तेव्हा कीथनं त्याला दोनच गोल करू दिले. त्याच्या मते ती त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम मॅच. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की फॉरवर्डची तब्येत बरी नव्हती.

हे ऐकलं आणि तू आठवलास. तुला विसरलो होतो असं नाही, पण असा समोर येऊन उभा राहिलास. कीथ फॉरवर्ड लोकांच्या व्हिडिओ कॅसेटी बघून वहीत लिहून ठेवायचा, कोण कोणत्या पायावर उडी घेतो. आपल्याकडं कुठल्या कॅसेटी! तू दुसऱ्यांच्या मॅचला गोलच्या मागं जाऊन उभा राहायचास आणि शेंगा खात बघायचास. एकदा मला कोपरानं ढोसून म्हणालास, "पांड्या, त्यो बघ, पळायच्या आधी चड्डी वर वढतोय." आणि पुढच्या आठवड्यात त्यानं चड्डीला हात घातला की तू आधीच दोन पावलं पुढं. पब्लिकला वाटायचं याच्या अंगात येतंय. माझ्या बापानं तुझ्या बुटांना कातड्याचे थर ठोकून स्टड करून दिले होते. पहिल्या पावसाळी मॅचला ते फुगले आणि तू बदकासारखा चाललास, तरी एक चेंडू पुढं जाऊ दिला नाहीस. बुरूज गल्ली तालमीच्या टीमची बचावफळी म्हणजे उमाकांत, असं सगळी पेठ म्हणायची. मला चांगला गोलकीपर म्हणायचे, कारण दहातले आठ चेंडू तू माझ्यापर्यंत येऊच द्यायचा नाहीस.

मागच्या मार्चमध्ये कीथ आम्हाला शेतावर घेऊन गेला. चाऱ्याचं पीक कापून झालं होतं, त्या मऊ खुंटांवर त्यानं पाइप रोवून चार खांब उभे केले होते. दोन आयरिश, एक दक्षिण आफ्रिकेचा, पाचसहा फिलिपिनो, आम्ही दोघं आणि केरळचा एक वेल्डर. त्या लंगड्या पायानं तो फुलबॅकला उभा राहिला आणि काय सांगू तुला, त्याच्या पुढून एक चेंडू गेला नाही. पळायचा नाही फार. पण चेंडू जिथं पडायचा तिथं तो आधी पोचलेला असायचा. तुझ्यासारखाच. मी सवयीनं खांबांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, तर तो मागं वळून म्हणाला, "तिथं कोणी नसतं रे, पुढं ये." सेहेचाळीस वर्षांचा मी, चार वेळा पडलो, रहमतुल्लानं तीन माणसं आडवी केली. परत येताना पिकअपच्या हौद्यात बसून मी खूप हसलो. 

त्याची सगळ्यात मोठी मॅच १९९७ सालच्या सप्टेंबरातली. ती जिंकली असती तर टीम फायनलला गेली असती. शेवटचं मिनिट, कीथची टीम चार गुणांनी पुढं. समोरच्यांनी लांबून चेंडू मारला. अशा वेळी त्यांची ठरलेली पद्धत असते. फुलबॅक फॉरवर्डला अंगानं अडवतो, आणि शेजारचा डिफेंडर आपला माणूस सोडून आडवा येतो आणि चेंडूला ठोसा मारतो. तो शेजारचा म्हणजे व्हिन्स. कीथचा जिवाचा दोस्त. सहा वर्षं दोघं एका खोलीत राहिलेले, कीथच्या लग्नात अंगठी सांभाळणारा. कीथनं अंग लावलं आणि वाट बघितली. व्हिन्स आला नाही. फॉरवर्ड कीथच्या खांद्यावर चढला, त्यानं चेंडू झेलला, वेळ संपल्याचा भोंगा वाजला, पण झेललेला चेंडू त्यानंतरही मारता येतो, आणि त्यानं निवांत मारून सहा गुण घेतले. दोन गुणांनी हार. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत एकच फोटो. वर आभाळात फॉरवर्ड, खाली दबलेला कीथ. व्हिन्स त्या फोटोत कुठंच नाही. त्या फोटोचं पोस्टर निघालं. पोरं ते पोस्टर घेऊन कीथकडंच सही मागायला यायची, आणि हा सही करायचा. मी म्हटलं, कशाला केलीस? तो म्हणाला, "फोटोत मी होतो ना."

त्यानंतर तो सहा वर्षं खेळला. एका वर्षी क्लबाचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला. एकशे एकाहत्तर मॅचेस खेळला, आणि सगळ्या मिळून स्वतःचे गोल चार. गुडघ्याची तीन ऑपरेशनं झाली. मग एका ऑक्टोबरात कोचनं ऑफिसात बोलावलं, कॉफी दिली, आणि ती कॉफी गार व्हायच्या आत त्याची कारकीर्द संपली होती. तो गावी शेतीवर परत गेला, तर तीन वर्षं पाऊस नाही. किराणा आणायला दुकानात गेला की एखादा म्हातारा विचारायचाच, "काय रे, तो चेंडू तू सोडलास कसा?" शेवटी जिथं कुणाला तो खेळच माहीत नाही अशा मुलखात तो नोकरी शोधून आला. मी विचारलं, व्हिन्स? तो म्हणाला, दर नाताळला फोन करतो. हवापाण्याचं बोलतो.

त्याच दिवशी त्यानं मला विचारलं, तुमचा फुलबॅक कोण होता? मी तुझ्याबद्दल तासभर बोललो असेन. चड्डी वर ओढणाऱ्याची गोष्ट सांगितली, फुगलेल्या स्टडची सांगितली. मग शहाऐंशी सालची फायनल आली. स्टेडियम कसं भरलं होतं, झाडांवर माणसं कशी चढली होती, चार मिनिटं राहिली असताना शून्य-शून्य कसं होतं, सगळं सांगितलं. आणि थांबलो. त्यानं विचारलं, "मग?" मी म्हणालो, हरलो. "कसे?" मी म्हणालो, "डिफेन्सची चूक झाली." उमाकांत, इथं, समुद्रापलीकडं, जो माणूस तुला जन्मात कधी भेटणार नाही त्याच्यापुढंसुद्धा माझ्या तोंडातून तेच वाक्य आलं. कीथनं मान हलवली. म्हणाला, "नेहमी डिफेन्सचीच असते." आणि चहा प्यायला लागला. दुसऱ्या दिवशी दिवसभर माझी शिवण वाकडी आली, रहमतुल्लानं दोन सीटा उसवून परत माझ्यापुढं टाकल्या.

नोव्हेंबरात व्हिन्स वारला. कॅन्सर. चव्वेचाळीस दिवसांत संपला, आणि कीथला कळलं ते वारल्यावर. मेसेज आला तेव्हा तो शेतावर होता, पण पासपोर्ट कफीलकडं, म्हणजे इथं कामावर आणणाऱ्या मालकाकडं, आणि तो कफील मक्केला उमऱ्याच्या यात्रेला गेलेला. देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा, एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का मिळेपर्यंत तीन दिवस गेले. आमच्या कफीलाची पासपोर्ट ऑफिसात ओळख आहे, मी आणि रहमतुल्ला त्याच्या दारात जाऊन बसलो, तेव्हा कुठं काम झालं. अंत्यविधीला तो जेमतेम पोचला. परत आला तो पार वाळून आला होता. शुक्रवारी नेहमीसारखा फोमच्या गठ्ठ्यावर बसला, पण खडू काही उचलला नाही. मग सांगितलं. विधी झाल्यावर व्हिन्सच्या बायकोनं त्याला बाजूला घेतलं. म्हणाली, "दरवर्षी सप्टेंबर आला की तो घरी म्हणायचा, मी दोन पावलं उशिरा निघालो. कीथ माझी वाट बघत होता आणि मी माझ्याच माणसाकडं बघत राहिलो." कीथनं तिला विचारलं, मग मला का नाही कधी म्हणाला? ती म्हणाली, "तू 'जाऊ दे' म्हणशील याचीच त्याला भीती वाटायची."

मी कीथला विचारलं, तू म्हणाला असतास का, जाऊ दे?  तो सावकाश, मला समजेल अशा इंग्रजीत म्हणाला की मला माफी नको होती. दहा वर्षं मला एवढंच कळत नव्हतं, की व्हिन्स येणार होता हे खरं होतं, की मी माझ्या चुकीवर पांघरूण घालायला ते मनानं रचलं होतं. त्यानं एकदा नुसतं सांगितलं असतं, तर निदान मला माझं डोकं ठिकाणावर आहे एवढं कळलं असतं. एवढं बोलून तो उठला, रहमतुल्लाला मिठी मारली, मला मारली, आणि गेला. जानेवारीत त्याचा करार संपला. आता तो बापाच्या शेतावर परत गेलाय. गावच्या पोरींची टीम आहे म्हणे, तिला शिकवतो. मागच्या आठवड्यात फोन आला होता, त्यांच्याकडं अखेर पाऊस पडलाय.

आणि याच आठवड्यात दुसरा फोन आला तो आपल्या तालमीतून. चंदन आता सेक्रेटरी आहे, तो आपल्या वेळी शाळकरी होता. येत्या मे महिन्यात तालमीला पंचाहत्तर वर्षं होतायत. मोठा कार्यक्रम आहे, स्मरणिका निघणार आहे, आणि 'तालमीचा सर्वोत्तम गोलरक्षक' म्हणून फेटा बांधून माझा सत्कार करायचं ठरलंय. मी त्याला विचारलं, उमाकांतला बोलावलंय का? तो जरा चाचरला. म्हणाला, "त्यांचं नाव निघालं होतं, पण जुनी मंडळी अजून फायनलचं काढतात हो. आणि ते येणारपण नाहीत." स्मरणिकेत त्या फायनलवर एक परिच्छेद आहे, तो त्यानं मला कौतुकानं वाचून दाखवला. त्यात तुझं नाव घातलेलं नाही. फक्त 'बचावफळीतील अक्षम्य चुकीमुळे' असं लिहिलंय. मी हूं हूं केलं आणि फोन ठेवला.

उम्या, त्या फायनलनंतरचं सगळं मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दाराच्या कडीला कुणीतरी फाटका फुटबॉल अडकवला होता. तुळसामावशींनी तो काढला आणि नेहमीसारखा दारात सडा घातला. मी समोरच्या खिडकीतून बघत होतो. खाली आलो नाही. दोन महिन्यांत तू मामाकडं इचलकरंजीला मागावर गेलास आणि पुन्हा बुटात पाय घातला नाहीस. मी आणखी तीन वर्षं खेळलो, ढाली घेतल्या. माझ्या लग्नात तू तीन पंगती वाढल्यास, नंदाला वहिनी म्हणालास, माझ्या पोरीच्या बारशाला चांदीचे वाळे आणलेस. एकदाही, बावीस वर्षांत एकदाही, तू मला काही विचारलं नाहीस. मी मनाला समजावत राहिलो की तू विसरला असशील. नाहीतर त्या गोंगाटात तुला ऐकूच आलं नसेल. पण ऐकू आलं नसतं तर तू उचललेला पाय खाली ठेवला नसतास.

म्हणून हे पत्र. चेंडू टप्पा खात आला तेव्हा तो तुझाच होता, तू पाय उचललाही होतास, आणि मी मागून ओरडलो, "सोड उम्या, माझा!" तू सोडलास. मी दोन पावलं पुढं आलो, त्यांचा फॉरवर्ड अंगावर येताना दिसला, आदल्या आठवड्यात बूट लागून पडलेले माझे दोन दात आठवले, आणि मी थांबलो. भ्यालो. आणि गोल झाल्यावर जे केलं ते त्याहून वाईट. तुझ्याकडं तोंड करून दोन्ही हात पसरले, हे काय केलंस म्हणून. माझं ओरडणं कुणी ऐकलं नाही, पण ते हात सगळ्या स्टेडियमनं बघितले. हे सगळं असंच लिहून मी कालच चंदनला पाठवलंय आणि स्मरणिकेत त्या परिच्छेदाच्या जागी छापायला सांगितलंय. सत्काराला नाही म्हणून कळवलंय. मे महिन्यात सुट्टीवर येईन तेव्हा आधी तालमीत जाऊन सगळ्यांसमोर तोंडानं सांगेन, मग इचलकरंजीला येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. जाऊ दे म्हणू नकोस, एवढंच मागतो. आणि आजवर कधी एकटं बसून तुला वाटलं असेल, की पांड्या खरंच ओरडला होता का मलाच भास झाला, तर भास नव्हता. तू बरोबर ऐकलं होतंस.

तुझाच,
पांडू